थुंकी नव्हे, बेडका

खोकल्याचा रोगी आरोग्य केंद्रात गेला की त्याला एक लहानशी डबी देतात. डबी प्लॅस्टिकची असते. तिचे तोंड रुंद असते. झाकण फिरवून घट्ट बसवता येते. डबीचे मोल काही फार नाही. पण एखाद्या माणसाचे प्राण त्या डबीवर अवलंबून असतात. कधी कधी साऱ्या घराचे असतात.

या डबीत काय द्यायचे, कसे द्यायचे, आणि पुढे तिचे काय होते, ते आज आपण पाहू. आम्हाला हे फार उशिरा समजले. आम्ही शाळामास्तर होतो. पुढे मुख्याध्यापकही झालो. पुष्कळांना अक्षरे शिकवली. पण एका कागदावरचे दोन शब्द आम्ही वेळेवर वाचले नाहीत. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या घरची हकीकत

ही गोष्ट १९९६ सालची. दिवाळी झाली होती. गुऱ्हाळे सुरू झाली होती. आमचा धाकटा भाऊ गुऱ्हाळावर चुलवाणापुढे कामाला जात असे. त्याला खोकला लागला. सगळे म्हणाले, “धुराचा खोकला आहे. जाईल आपोआप.”

महिना झाला. खोकला गेला नाही. संध्याकाळी त्याच्या अंगात कणकण येई. अर्धी भाकरी टाकून तो उठे. अंगातला सदरा सैल पडू लागला. तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, “क्षय आहे का ते पाहू. थुंकी तपासायला द्या. एकदा देऊन भागायचं नाही. तीन वेळा द्या.” त्यांनी डबी दिली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला शाळेच्या कामासाठी तालुक्याला जायचे होते. प्रयोगशाळा तिथेच होती. म्हटले, जाता जाता डबी देऊ. भाऊ चहा-भाकरी करून बसला होता. तो म्हणाला, “दादा, यात थुंकायचंच ना?”

आम्ही म्हणालो, “थुंक की. एस.टी. येईल आता.”

तो डबीत दोनदा थुंकला. आम्ही डबी पिशवीत टाकली. एस.टी.त पिशवी खिडकीपाशी उन्हात ठेवली. तालुक्याला पोहोचल्यावर आधी शाळेचे काम केले. दुपार कलल्यावर डबी प्रयोगशाळेत नेऊन दिली. पुढच्या दोन डब्या आम्ही दिल्याच नाहीत. एकदा दिली तेवढी पुरे, असे वाटले.

आठ दिवसांनी कागद मिळाला. कागद इंग्रजीत होता. आम्ही मॅट्रिक झालेले. ओसरीवर सगळ्यांना बसवून आम्ही तो मोठ्याने वाचला आणि मराठीत सांगितला, “क्षयाचे जंतू आढळले नाहीत.”

आईने देवापुढे दिवा लावला. सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. भाऊ म्हणाला, “दादांनी वाचलंय म्हणजे खरंच असणार.”

त्यानंतर त्याने डॉक्टरांकडे जाणेच सोडले. खोकल्याचे औषध दुकानातून आणून घेत राहिला. थंडीचे दिवस होते. खोलीला खिडकी नव्हती. दार लावून तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी तिथेच निजत. असेच काही आठवडे गेले. १९९७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी तो अंगणात खोकला आणि रक्त पडले.

या वेळी आम्ही त्यालाच तालुक्याला नेले. प्रयोगशाळेतले गृहस्थ शांत होते. त्यांनी भावाला बाहेर मोकळ्या जागेत नेले. खोल श्वास कसा घ्यायचा, खोकला छातीतून कसा काढायचा, ते समजावले. डबीत घट्ट, पिवळसर बेडका आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला आत बोलावले. म्हणाले, “गुरुजी, या भिंगातून पाहा.” आम्ही पाहिले. निळ्या जमिनीवर बारीक लाल काड्या पडल्या होत्या. ते क्षयाचे जंतू होते.

मग ते म्हणाले, “मागच्या वेळी डबी घेऊन तुम्हीच आला होता ना? त्या डबीत नुसती लाळ होती. तसा शेरा आम्ही लिहून दिला होता.”

घरी येऊन आम्ही पेटीतून तो जुना कागद काढला. शेरा खरोखरच होता. वर लिहिले होते, जंतू आढळले नाहीत. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, नमुना लाळेचा. ते शब्द आम्हाला वाचता येत होते. पण वरची ओळ गोड लागली, म्हणून आम्ही खाली पाहिलेच नाही.

भावाने सगळी औषधे घेतली. तो बरा झाला. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्या मुलीच्या मानेवर गाठी आल्या. जुनी माणसे त्याला गंडमाळ म्हणत. तीही क्षयाचीच असते. मुलीलाही औषध द्यावे लागले. तीही बरी झाली. आज ती सासरी नांदते. तिला दोन मुले आहेत. तिच्या मानेवर वण मात्र राहिला. तो दिसला की आम्हाला तो कागद आठवतो.

जंतू म्हणजे काय

जंतू म्हणजे अगदी लहान जीव. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सगळेच जंतू वाईट नसतात. आपण दुधाला विरजण लावतो. रात्रीतून दही होते. ते काम जंतूच करतात. आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर असंख्य जंतू असतात. त्यांतले बहुतेक आपल्याला त्रास देत नाहीत. पण काही जंतू रोग आणतात. क्षयाचा जंतू त्यांपैकी एक.

तो किती लहान? मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. तिच्यावर अगदी जवळजवळ बारीक रेघा असतात. दोन रेघांमधले अंतर म्हणजे एक मिलीमीटर. तेवढ्या जागेत क्षयाचे ३०० ते ५०० जंतू एकापुढे एक मावतात. साध्या डोळ्यांना ते कसे दिसणार? त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. या यंत्रात भिंगे असतात. त्यातून जंतू सुमारे १००० पट मोठा दिसतो.

पूर्वी लोकांना वाटे, क्षय हा घराण्याचा रोग आहे. कोणी म्हणे, करणी आहे. कोणी म्हणे, पूर्वजन्मीचे पाप आहे. खरे कारण जर्मनीतील डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी शोधले. कॉख आधी एका लहान गावात डॉक्टर होते. रोगी तपासून झाले की ते सूक्ष्मदर्शकापुढे बसत. पुढे ते बर्लिन शहरात गेले. तेथे २४ मार्च १८८२ या दिवशी त्यांनी जाहीर केले, की क्षय एका जंतूमुळे होतो, आणि तो जंतू आपण पाहिला आहे. त्या काळी सात माणसे मेली तर त्यांतला एक क्षयाने मरे, असे कॉख यांनीच सांगितले होते. म्हणून २४ मार्च हा दिवस आजही जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात.

हा जंतू येतो कुठून? फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो तेव्हा हवेत बारीक तुषार उडतात. त्यांत जंतू असतात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगतात. जवळचा माणूस श्वासाबरोबर ते आत घेतो. ताटवाटीतून, हात धरल्याने हा रोग होत नाही. तो हवेतून होतो. म्हणून खिडकी, ऊन आणि मोकळी हवा यांना मोल आहे. आमच्या भावाच्या खोलीला खिडकी नव्हती, हे आठवा.

डबीचे पुढे काय होते

डबी प्रयोगशाळेत पोहोचली की तेथले लोक आधी तिच्यात काय आहे ते पाहतात. मग बेडक्याचा घट्ट, पिवळसर भाग काडीने उचलतात. काचेच्या लहान पट्टीवर तो पातळ पसरतात. वाळवतात. आता त्यावर रंग टाकायचा असतो. रंग कशाला? जंतू पाण्यासारखे पारदर्शक असतात. रंगवल्याशिवाय ते नीट ओळखू येत नाहीत.

क्षयाच्या जंतूची एक खोड आहे. त्याच्या अंगावर मेणासारखे आवरण असते. मेणकापडावर पाणी टाकले तर ते आत मुरत नाही. तसाच या जंतूत रंगही सहज शिरत नाही. म्हणून काचपट्टीवर लाल रंग टाकून ती खालून तापवतात. उष्णतेने रंग आत शिरतो. मग त्यावर तेजाब टाकून धुतात. बाकीच्या जंतूंचा लाल रंग धुऊन जातो. क्षयाच्या जंतूचा जात नाही. हळदीचा डाग कपड्यात बसतो, तसा तो रंग त्याच्यात बसलेला असतो. शेवटी पट्टीवर निळा रंग टाकतात. बाकी सगळे निळे होते. क्षयाचे जंतू तेवढे लाल राहतात. आम्ही पाहिल्या त्या लाल काड्या याच.

तपासणारा माणूस भिंगाखाली पट्टी सरकवत जातो. निदान १०० ठिकाणी नजर टाकतो. मग निकाल लिहितो. आता पुष्कळ ठिकाणी दुसरा एक रंगही वापरतात. त्याने हे जंतू काळ्या जमिनीवर चमकताना दिसतात आणि लवकर सापडतात.

“आढळले नाहीत” याचा अर्थ

आता मुख्य गोष्ट ऐका. सूक्ष्मदर्शकातून जंतू दिसायला बेडक्यात ते पुष्कळ असावे लागतात. एका मिलीलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असले तरच ते हाती लागतात. मिलीलिटर म्हणजे किती? चहाच्या लहान चमच्यात सुमारे ५ मिलीलिटर मावते. त्याचा पाचवा हिस्सा. जंतू याहून कमी असले तर माणसाला रोग असूनही पट्टीवर काही दिसणार नाही.

आणि नमुनाच चुकीचा दिला तर? विहिरीचे पाणी कसे आहे ते पाहायचे, तर पोहरा विहिरीत खोल सोडावा लागतो. थारोळ्यातले पाणी नेऊन उपयोग नाही. तसेच हे आहे. रोग फुप्फुसात असतो. लाळ तोंडात तयार होते. तोंडातली लाळ तपासून फुप्फुसाची खबर कशी कळणार?

इथे भाषाही आपल्याला फसवते. कागदावर लिहितात, “थुंकी तपासणी.” आपण थुंकी म्हणजे तोंडातली थुंकी समजतो. पण डॉक्टरांना ती नको असते. त्यांना बेडका हवा असतो. छातीतून खोकून काढलेला, घट्ट. म्हणून आम्ही या धड्याला हे नाव दिले आहे.

तेव्हा “जंतू आढळले नाहीत” याचा अर्थ एवढाच, की या डबीत, या तपासणीत जंतू दिसले नाहीत. “रोग नाही” असा त्याचा अर्थ आपण करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा. खोकला, ताप, वजन उतरणे चालूच असेल, तर कागद हाती असला तरी पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. कागदावर कधी “निगेटिव्ह” असे लिहितात. म्हणजे जंतू दिसले नाहीत. “पॉझिटिव्ह” लिहिले असेल तर जंतू सापडले. पुष्कळांना वाटते, पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. इथे तसे नाही, बरं का!

जंतू पेरून पाहणे

डोळ्यांना दिसले नाहीत तर जंतू पेरूनही पाहतात. होय, बियाणे पेरतो तसेच! बेडक्याचा थोडा भाग जंतूंच्या आवडत्या खाद्यावर ठेवतात. मग तो उबदार पेटीत ठेवतात. जंतू जिवंत असतील तर ते वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार. लाखो झाले की त्यांचा ठिपका साध्या डोळ्यांनाही दिसतो.

हे खाद्य कशाचे असते? त्याची एक गोष्ट आहे. कॉख यांच्या प्रयोगशाळेत खाद्य घट्ट करायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळे आणि सगळे काम फुकट जाई. तेथे हेस नावाचे एक डॉक्टर काम करत. त्यांच्या पत्नी फॅनी हेस घरी फळांची जेली करत. ती उन्हाळ्यातही घट्ट राही. त्या तीत समुद्रातल्या शेवाळापासून केलेला पदार्थ घालत. त्यांनी नवऱ्याला तो सुचवला. आपल्या बाजारात तोच पदार्थ चायना ग्रास म्हणून मिळतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू त्याच्यावरच वाढवतात. एका गृहिणीच्या चुलीपाशी सुचलेली ही युक्ती आहे.

क्षयाचा जंतू मात्र खाण्यात चोखंदळ आहे. त्याच्यासाठी कोंबडीची अंडी घालून खास खाद्य करतात.

तो वाढतोही फार सावकाश. आतड्यात राहणारा एक साधा जंतू २० मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशोब करून पाहा. २० मिनिटांनी २, ४० मिनिटांनी ४, तासाभरात ८. असाच वाढत राहिला तर १० तासांत १०० कोटींवर जाईल. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला १८ ते २४ तास लागतात. म्हणून पेरलेला क्षयाचा जंतू दिसायला २ ते ८ आठवडे जातात. निकाल उशिरा आला म्हणून प्रयोगशाळेवर रागावू नये. पीक पेरल्यावर आठ दिवसांत कणीस मागून कसे चालेल?

आता नवी यंत्रेही आली आहेत. पूर्वी आपण कागदावर अंगठा उठवत होतो. प्रत्येकाचा ठसा निराळा. तशी प्रत्येक जातीच्या जंतूची आपली निराळी खूण असते. यंत्र ती खूण ओळखते. एकाला सीबीनॅट म्हणतात. दुसऱ्याचे नाव ट्रूनॅट. ट्रूनॅट गोव्यातल्या एका कंपनीने तयार केले. ते बॅटरीवर चालते, म्हणून लहान गावातही नेता येते. ही यंत्रे सूक्ष्मदर्शकापेक्षा पुष्कळ कमी जंतू असले तरी ओळखतात. निकाल काही तासांत देतात. रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही, हेही सांगतात. पण यंत्र कितीही शहाणे असो, त्याच्या पुढ्यात लाळ ठेवली तर तेही चुकू शकते.

डबी कशी भरावी

आता साधारणपणे दोन नमुने घेतात. एक केंद्रावर तिथल्या तिथे. दुसरा सकाळी उठल्याबरोबर घरी घेतलेला. रात्रभर छातीत साचलेला बेडका सकाळी सुटतो, म्हणून सकाळचा नमुना चांगला.

सकाळी उठावे. काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरावी. म्हणजे तोंडातले अन्नाचे कण जातील.

डबी घेऊन अंगणात किंवा मोकळ्या जागेत जावे. जवळ कोणी, विशेषतः मूल, असू नये.

खोल श्वास घ्यावा. थोडा धरून हळू सोडावा. असे दोनदा करावे. तिसऱ्या वेळी खोल श्वास घेऊन छातीतून जोराने खोकावे. बेडका वर आला की डबी ओठांपाशी धरून तीत टाकावा. निदान अर्धा लहान चमचा तरी बेडका हवा. डबीत पाहावे. पाण्यासारखे पातळ आणि फेसाळ दिसले तर ती लाळ आहे. पुन्हा खोकावे.

झाकण घट्ट लावावे. बाहेर सांडू देऊ नये. साबणाने हात धुवावेत.

नाव डबीच्या अंगावर लिहावे, झाकणावर लिहू नये. का? प्रयोगशाळेत अनेक डब्या उघडतात. एकीचे झाकण दुसरीला लागले तर एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जाईल. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा नाव स्वतः लिहा. दुसऱ्याने लिहिले असेल तर वाचून पाहा.

डबी सावलीत, थंड जागी ठेवावी. त्याच दिवशी पोहोचवावी. आधी डबी, मग बाजार आणि बाकीची कामे. आम्ही नेमके उलटे केले होते.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही. ती तो गिळून टाकतात. अशा वेळी डॉक्टर निराळ्या रीतीने नमुना घेतात. त्याला नाही म्हणू नये.

बाकीच्या नमुन्यांचेही तेच

लघवी तपासायला सांगितली तर अंग पाण्याने स्वच्छ करावे. पहिली धार सोडून द्यावी. मधली धार डबीत धरावी. डबी केंद्रातूनच घ्यावी. घरातली तेलाची किंवा औषधाची बाटली धुऊन नेऊ नये. आणि लघवी लवकर पोहोचवावी. २० मिनिटांत दुप्पट होणारा जंतू आठवतो ना? डबी दुपारभर उन्हात राहिली तर थोड्याचे पुष्कळ होतात आणि निकाल चुकतो.

जंतू पेरण्यासाठी रक्त किंवा लघवी द्यायची असेल तर ती शक्यतो जंतूमारक औषध सुरू होण्यापूर्वी द्यावी. आधी कोणत्या गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगावे. लपवू नये. गोळ्यांनी जंतू अर्धमेले होतात. मग पेरले तरी उगवत नाहीत. रोग असतो, पण सापडत नाही.

काही जंतूंवर कोणते औषध चालेल, तेही प्रयोगशाळेत पाहतात. जंतू पेरलेल्या काचेच्या बशीवर निरनिराळ्या औषधांच्या बारीक चकत्या ठेवतात. कपाळावरच्या टिकलीएवढ्या. जे औषध लागू पडते, त्याच्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत. स्वच्छ गोल राहतो. जे लागू पडत नाही, त्याच्या चकतीला चिकटून जंतू वाढतात. डॉक्टर त्यावरून औषध ठरवतात. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेल, असे म्हणूनच नसते.

जंतू सापडला, मग पुढे?

घाबरू नये. जंतू सापडला हे एका अर्थी बरेच झाले. लपलेला चोर दिसला.

आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. परत आल्या आणि १८८७ साली पुण्यात क्षयाने वारल्या. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. कॉख यांना जंतू सापडून पाच वर्षे होत आली होती. पण त्याच्यावर औषध नव्हते. पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत सापडले. आज औषधे आहेत. सरकारी केंद्रात ती फुकट मिळतात. साध्या क्षयाला सहा महिने औषध घ्यावे लागते. पोटाला पोषक अन्न मिळावे म्हणून सरकार रोग्याच्या बँक खात्यात पैसेही जमा करते. एप्रिल २०१८ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली.

दोन महिन्यांत रोग्याला बरे वाटू लागते. खोकला थांबतो. अंग भरते. इथेच माणूस चुकतो. तो म्हणतो, “आता कशाला गोळ्या?” पण हरळी वरवर खुरपली तर मुळे जमिनीत राहतात. पुन्हा फुटतात. तसेच हे. औषध अर्धवट सोडले तर चिवट जंतू मागे राहतात. तेच वाढतात. मग नेहमीच्या औषधाला ते दाद देत नाहीत. उपचार लांबतो, कठीण होतो. आणि असे चिवट जंतू खोकल्यातून दुसऱ्याच्या घरी जातात. म्हणून डॉक्टर सांगतील तोवर गोळी सोडायची नाही.

घरात एकाला क्षय निघाला की घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावे. ज्यांना रोग नाही, त्यांना तो होऊ नये म्हणूनही आता औषध मिळते. ते कोणाला द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. आमच्या घरी १९९६ सालीच रोग सापडता, तर भावाच्या मुलीच्या मानेवर वण राहिला नसता, असे आम्हाला वाटते.

आणि रोग्याला दूर लोटू नये. त्याने तोंडावर रुमाल धरावा. मोकळ्या हवेत, उजेडात निजावे. लागू पडणारे औषध नेमाने चालू झाले की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्याला होणारा धोका खूप कमी होतो. त्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही.

हे लक्षात ठेवा

दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर बेडका तपासून घ्या.

डबीत लाळ देऊ नका. छातीतला बेडका द्या.

सांगितले तितके नमुने द्या. एकावर थांबू नका.

डबीवरचे नाव वाचा. कागद हाती आला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एखादा शब्द अडला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आम्हाला मॅट्रिकचा दाखला होता, तरी आम्ही विचारायला हवे होते.

औषध पुरे करा.

सांगा पाहू

१. लाळ आणि बेडका यांत फरक काय?

२. डबीच्या झाकणावर नाव का लिहू नये?

३. “जंतू आढळले नाहीत” असा कागद आला, पण खोकला चालूच आहे. तुम्ही काय कराल?

४. तुमच्या घरात किंवा शेजारी दोन आठवड्यांहून जास्त दिवस कोणी खोकत आहे का? असेल तर हा धडा त्यांना वाचून दाखवा. मग त्यांच्याबरोबर केंद्रात जा.